आता पुरे कोण म्हणणार?

प्रिय अण्णा,

मेलेल्या माणसाला पत्र लिहिणारी अख्ख्या चौलात मी पहिलीच असेन. मघाशी शेवंतावहिनी डोकावून गेली. "वन्सं, कुनाला लिवताव?" म्हणाली. मी म्हटलं, भावाला. तिला वाटलं मला पुन्हा ताप भरला. कपाळाला हात लावून बघून गेली बिचारी.

पण लिहू नको तर काय करू? परवा तिचा नवरा, आपला चुलतभाऊ दत्तू, अलिबागला जाऊन पाण्याचं इंजिन सांगून आला. गुढीपाडव्याला ते आपल्या दोन घरांच्या विहिरीवर बसणार. रहाट मोडणार, रेडा विकणार. "आणि सदूचं काय?" मी विचारलं, तर दत्तू पायाच्या अंगठ्याने अंगण उकरत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "ठान्याला इस्पितळ हाय म्हनतात. तितं अशा मान्सांना ठेवून घेतात." अशा माणसांना! माझ्या पोटच्या पोराला, तुझ्या सख्ख्या भाच्याला!

हाच दत्तू ना रे, तुझ्या दहाव्याला खाडीवर हात जोडून उभा होता? पिंडाला कावळा शिवेना. आम्ही बायका घरी होतो, पण मला सगळं कळलं. कुणी म्हणालं, पोफळीची वाडी विकू देणार नाही. कुणी म्हणालं, गोदीला, म्हणजे मला, काही कमी पडू देणार नाही. झाडावरचे कावळे ढिम्म हलेनात. मग दत्तू म्हणाला, "अण्णा, सदूला आमी अंतर देनार न्हाय." झालं! कावळा आला आणि घास घेऊन गेला. तू ऐकलंस आणि निघालास. त्या बोलण्याचं पुढे काय झालं, हे तुला कोण सांगणार? म्हणून बसले लिहायला.

दत्तूच्या नावाने बोटं मोडायला हे पत्र नाही हं. त्याचंही दुखणं सांगते, पण ओळीने सांगू दे.

तुला आठवतं, सदूचे वडील मुंबईला गिरणीत वारले आणि मी त्याला घेऊन रेवसला लाँचमधून उतरले? तू गाडी जुंपून आला होतास. सदू माझ्या हाताला धरून होता, एक शब्द बोलत नव्हता. गाडीत बसल्याबसल्या त्याने तुझ्या खांद्यावरच्या पंच्याचा काठ पकडला आणि अंगठ्याने चोळत बसला. तू अख्खा पंचा त्याला देऊन टाकलास आणि पौषाच्या वाऱ्यात उघड्या अंगाने गाडी हाकलीस. "ऱ्हाऊ दे गो, मला थंडी न्हाय वाजत," म्हणालास. खोटारडा! दात वाजत होते तुझे.

सदू लहान होता तोवर सगळं गोड होतं. शाळेत मास्तर त्याला कोपऱ्यात बसवून घेत. तो पाटीवर एकच रेघ काढी, पुसी, पुन्हा तीच काढी. मास्तर म्हणत, त्रास तर देत नाही ना, बसू दे. बायका विहिरीवर धुणं घेऊन आल्या की हा जाऊन त्यांच्या लुगड्यांचे काठ चाचपायचा. त्या हसायच्या, "आला गो काठ बगनारा सावकार!" मुद्दाम पदर पुढे करायच्या. देवाघरचं पोर म्हणायच्या.

मग त्याला मिसरूड फुटलं. पोर तेच, बोटं तीच, काठही तेच. पण त्याच विहिरीवर त्याने एका नव्या सुनेचा पदर धरला आणि तिने बोंब ठोकली. देवाघरचं पोर एका दुपारीत गावचा सांड झालं! संध्याकाळी माणसं ओट्यापाशी आली. "गोदाबाय, ह्याला आता बांधून ठेवा. मोठा झाला तो." दुसऱ्यांची मुलं मोठी होतात तेव्हा आया त्यांच्यासाठी मुली बघतात. माझ्या दारात लोक दोरखंडाची भाषा करत होते. मोठं होणं हा काय त्याचा गुन्हा होता का रे?

मी आत चुलीपुढे रडत होते. तू बाहेर त्या माणसांना चहा दिलास, पानसुपारी दिलीस, आणि म्हणालास, "उद्यापासून तो माज्यासंगं रहाटावर." एवढंच. कुणाशी भांडला नाहीस. मला तेव्हा तुझा रागच आला होता, की दोन शब्द सुनावले का नाहीत म्हणून.

तुला तरी त्या रहाटाची युक्ती कुठून सुचली? दुसरं कुठलंच काम त्याला धरवत नव्हतं. सुपाऱ्या सोलायला बसवला तर सोललेल्या पुन्हा सालपटात भरून ठेवी. माडाच्या झावळ्या विणायला दिल्या तर त्यांच्या पातीच चोळत बसे. पण रहाटाला काय, रेड्यामागे गोल फिरायचं. लोटे भरून वर येतात, डोणीत रिकामे होतात, पुन्हा खाली जातात. आदल्या फेऱ्यासारखाच पुढचा फेरा. त्याला हवं होतं तसंच सगळं.

पंच्याचं एक टोक तू त्याच्या हातात दिलंस, दुसरं तुझ्या हातात. दोघं रेड्यामागे फिरत राहिलात. गावातली पोरं कुंपणाबाहेरून हसायची, "मामा-भाचा घान्याचे बैल झाले!" तू त्यांनाही हसून हात करायचास. मग एके दिवशी तू तुझ्या हातातलं टोक रहाटाच्या दांडीला बांधलंस आणि हळूच बाजूला झालास. सदू फिरतच राहिला! मी ओट्यावरून बघत होते. माझ्या हातातला तांदूळ तसाच राहिला, कोंबड्यांनी सूप रिकामं केलं.

तेव्हापासून तो रहाट हाकायचा आणि तू वाडीत शिंपणं करायचास. पाटाने पाणी यायचं, एका पोफळीचं आळं भरलं की तू माती ओढून तोंड बंद करायचास, दुसरं उघडायचास. शेवटच्या आळ्यापाशी गेलास की तिथून हाक द्यायचास, "पुरे रे, सदू!" की तो जिथे असेल तिथे थांबायचा. रेड्याला सोडायचा, गोठ्यात न्यायचा, येऊन जेवायला बसायचा. काय रुबाब होता त्याचा! कमावतं माणूस जसं पाटावर बसतं तसा बसायचा. गावानेही नावं ठेवणं सोडलं. त्याच नव्या सुनेची सासू म्हणाली, "गोदाबाय, पोर मार्गी लागला गो." मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

कुणाच्याच ध्यानात आलं नाही अण्णा, की तो पुरे या शब्दाला थांबत नव्हता, तुला थांबत होता.

फाल्गुनातली ती सकाळ. मी ओटा सारवत होते. बघते तर वाडीकडून पाणी अंगणात येतंय, वाळलेली पानं घेऊन. मी वैतागले. म्हटलं, अण्णाचं लक्ष कुठे आहे, सारवण फुकट घालवणार. ओरडतच गेले. तू पाटाच्या कडेला पालथा पडला होतास. फावडं हातात होतं आणि पाणी तुझ्या अंगावरून वाहत होतं.

आणि रहाट चालू होता. मी किंचाळले, दत्तू धावत आला, माणसं जमली, तुला उचलून ओट्यावर ठेवलं. रहाट चालूच! कुणीतरी जाऊन रेडा सोडला. तर सदूने दांडीला छाती लावली आणि रेड्याच्या जागी स्वतः रहाट ओढू लागला. लोक म्हणाले, "मामा मेला नि ह्यो फिरतोय. काळीज न्हाय ह्याला." मला त्यांना सांगायचं होतं, की अरे, तो वाट बघतोय, मामाने अजून सांगितलं नाही त्याला. पण मी तुझ्या डोक्यापाशी बसले होते, तुझ्या तोंडावरचा चिखल पुसत. शेवटी दमून तो खाली कोसळला तेव्हा रहाट थांबला. तुला नेताना तो तिथेच मातीत निजला होता. त्याने तुला शेवटचं पाहिलंच नाही.

सुतकात रहाट बंद राहिला. सुतक फिटलं आणि दत्तूने शिंपणं हाती घेतलं, कारण पोफळी माना टाकू लागल्या होत्या. सदूला पाहून मला बरं वाटलं. अगदी पहिल्यासारखा रेड्यामागे लागला. मग शिंपणं संपलं, दत्तू ओरडला, "पुरे रे!" सदू फिरतोय. "आरं पुरे! ऐकू येतं का न्हाय?" सदू फिरतोय. रेडा सोडला तर त्याने खांबावर डोकं आपटून घेतलं. मी जखमेवर हळद दाबली. असं किती वेळा झालं ते विचारू नकोस.

दत्तूने परोपरीने करून बघितलं, हे मान्य करायला हवं. तुझ्यासारखा आवाज काढला. पोफळीआडून हाक मारली. शेवटी तुझी टोपी घालून, तुझं फावडं खांद्यावर टाकून आला. सदू थांबला! आम्ही सगळे श्वास धरून उभे. त्याने दत्तूच्या डोक्यावरची टोपी काढली, घरात येऊन तुझ्या खुंटीला अडकवली आणि परत जाऊन रहाटाला लागला. शेवंतावहिनी पदर तोंडाला लावून हसली, मीही हसले, आणि मग दोघी रडलो.

वैशाखात विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. तुला सांगायला हवं का, समुद्राकाठची विहीर फार उपसली की खालून खारं चढतं? पोफळीचे शेंडे करपले. रेड्याच्या मानेला जखम झाली, तिच्यावर माशा बसायच्या. दत्तू माझ्यासमोर येऊन बसला. "गोदे, मी वाईट न्हाय गो. पन विहीर खारी झाली तर दोन्ही घरांनी खायचं काय? इंजिनाला थांबवता तरी येतं." तूच सांग, त्याचं काय चुकलं? आणि सदूचं तरी काय चुकलं? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली.

अलिबागच्या डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी छाती तपासली, जीभ बघितली, डोळ्यात उजेड पाडला. "तब्येत ठणठणीत आहे," म्हणाले. "बाकीचं जे आहे ते माझ्या औषधात नाही, बाई." चांगला माणूस होता, फी घेतली नाही. पण त्याचा चेहरा बघून मला कळलं, की यापुढे विचारायला दुसरी जागा नाही.

आणि अण्णा, तुझा राग येतो मला. खूप येतो! एवढं शिकवलंस, मग एखाद्या दिवशी मला का नाही म्हणालास, "गोदे, आज तू हाक दे"? दत्तूला का नाही उभं केलंस तुझ्या जागी? तू त्याला कामाला लावलंस पण कामाची चावी स्वतःच्या कमरेला ठेवून गेलास. लगेच वाटतं, मी कोण बोलणार? बांधून घालायला आले होते ते लोक, तू नसतास तर त्याच्या पायात साखळीच पडली असती. तुझ्यावर रागावते, मग जीभ चावते, मग पुन्हा रागावते.

पावसात रहाट बंद असतो, तसा होता. सदू भिजत नुसताच त्या गोलावर फिरायचा. रेडा नाही, पाणी नाही, पायाखाली चिखल. दसरा झाल्यावर शिंपणं सुरू व्हायचं होतं. मी कासोटा मारला आणि दत्तूला म्हटलं, यंदा शिंपणं मी करते. गुढीपाडव्यापर्यंत दम धर.

तुझं फावडं माझ्या हाताला किती जड आहे रे! कंबर वाकली ती सरळ होईना. शेवटचं आळं भरलं की मी तुझ्या जागी उभी राहून "पुरे रे, सदू" म्हणायची. तो ढिम्म. मी जाऊन रहाटाच्या वाटेवर बसायची. रेडा मला बघून थांबायचा, मग सदू थांबायचा. मी त्याचा हात धरून म्हणायची, "पुरे, बाळा." तो हात सोडवून घ्यायचा, खांबाकडे धावायचा, मी खांबाच्या आणि त्याच्या डोक्याच्या मध्ये उभी राहायची. माझी पाठ काळीनिळी झाली. रोज तेच. आणि मार्गशीर्षात, एका साध्या सकाळी, मी वाडीतून हाक मारली आणि रहाटाची कुरकुर थांबली.

मला वाटलं, दांडी मोडली. पळत गेले. सदू रेड्याला सोडत होता!

शेवंतावहिनीने सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. "वन्सं, तुमी जिंकलाव!" दत्तूही डोळे पुसत होता. इंजिनाचं नाव कुणी काढेना. पाणी गोड झालं, रेड्याची मान भरली. तुला सांगते, त्या दिवसांत मी गाणं म्हणत भाकऱ्या थापल्या.

मग गेल्या आठवड्यात मला ताप भरला. उठवेना. सदूला घरात ठेवायचं कुणाला जमलं नाही, त्याने रेडा जुंपला. दत्तूने शिंपणं केलं. आळी भरली, ओसंडली, रहाट चालूच. मी अंथरुणातून ऐकत होते. ओरडायला गेले तर घशातून आवाज येईना. शेवटी दत्तू आला, मला पाठुंगळी घेतलं आणि लहान पोरीला न्यावं तसं विहिरीवर नेलं. त्याच्या खांद्यावरून मी कशीबशी पुटपुटले, "पुरे रे, सदू." तो लगेच थांबला.

"आईचं कसं ऐकतो बगा!" शेवंतावहिनी म्हणाली. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अण्णा, मी दुसरी तू झाले होते! एवढं राबून मी काय केलं, तर त्याला एका मरणाऱ्या माणसाकडून काढून दुसऱ्या मरणाऱ्या माणसाच्या हवाली केलं.

दत्तूच्याही ते ध्यानात आलं असावं. मला परत अंथरुणावर ठेवताना तो हळूच म्हणाला, "तू हायेस तवर ठीक हाय, गोदे. मागाहून?" मी भिंतीकडे तोंड केलं. परवा तो इंजिन सांगून आला.

म्हणून मी आता दुसरं धरलंय. उठायला लागल्यापासून शेवटचं आळं भरत आलं की सदूचा हात धरून त्याला तिथे नेते, दगडी गडग्याजवळच्या त्या वाकड्या पोफळीपाशी. त्याचे पाय भरलेल्या पाण्यात उभे करते. मग तसंच परत आणते आणि न बोलता रेडा सोडते. वाटतं, त्याला पाण्याने थांबवावं, माणसाने नको. पाणी काय, कुणीही शिंपलं तरी तिथे पोचणारच. पण त्याला हे समजतंय का, देव जाणे. पाण्यात पाय घालून खुदखुदतो आणि परत जाऊन दांडी धरतो. पाडवा जवळ येतोय. मला तर वाटतं हे होणं नाही. कुणाला विचारू? कुठल्या शाळेत शिकवतात हे? अशा पोरांच्या आया आणखी कुठे असतील का, नागावला, मुरुडला, श्रीवर्धनला? त्या काय करत असतील?

आज सकाळचं सांगते आणि संपवते. शेवटचं आळं भरलं. मी त्याला नेलं, आणलं, रेडा सोडला. त्याने दांडीला छाती लावली आणि स्वतःच ओढू लागला. मी ठरवलं होतं बोलायचं नाही. पदराचा बोळा तोंडात धरून उभी राहिले. तो माझ्यासमोरून गेला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. अण्णा, जन्मात ज्याने कुणाच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं नाही, तो माझा मुलगा प्रत्येक फेऱ्याला माझ्या तोंडाकडे बघत होता! घामाने डबडबलेला, छाती लाल झालेली. ओठ माझे हलतात का, एवढंच बघत होता. मला नाही सोसलं. मी बोलले. तो थांबला, आणि मी तिथेच खाली बसले.

आज हरले. पण तुला वचन देते, उद्यापासून नाही बोलणार. पाण्यापाशी नेईन, परत आणीन, अंगावर झेलीन, पण त्या शब्दाला ओठ उघडणार नाही. तो माझ्याकडे बघत राहील, आणि मी त्याची आई असून गप्प राहीन.

तुझी,
गोदी